काठावरची ऊब

टेकू काढण्याची कळ दाबण्याआधी तिने हात मागे घेतला, रुमालाला पुसला, आणि यातून कोणाला काय मिळणार आहे याची मनाशी एकदा उजळणी केली.

संस्थेला जगभरच्या संगणकी हवामानांच्या मोठ्या तुलनेत जागा मिळणार होती. आकडे हाताने भरून, टेकू लावून उभी केलेली हवामाने यंदापासून तिथून दारातूनच परत पाठवणार होते. संचालकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, निवृत्तीच्या तोंडावर मुदतवाढ मिळणार होती, आणि ती हुकलीच तर निदान निरोपाच्या भाषणात सांगायला काहीतरी मिळणार होते. तळमजल्यावरच्या खारटला बढती मिळणार होती. समुद्रातल्या मिठाचा हिशेब त्याच्याकडे असे आणि बोलण्यातही तो सैल हाताने मीठ घाली, म्हणून तो खारट. तिसऱ्या मजल्यावरच्या हवावाल्यांना समुद्रवाल्यांची फजिती बघायला मिळणार होती, आणि ती त्यांना बढतीहून गोड होती.

तिला स्वतःला काय मिळणार हे कुठल्याच प्रस्तावात लिहिलेले नव्हते. ऊब कोण खातो ते एकदा ठरले, तर तिचा धाकटा भाऊ पुन्हा तिच्या घरी येणार होता. एवढेच.

तिने कळ दाबली. भिंतीपलीकडच्या यंत्रांचा सूर चढला, आणि कुठेच नसलेली एक पृथ्वी फिरू लागली.

त्या इमारतीत दोन घराणी नांदत होती. तिसऱ्या मजल्यावर हवावाले: वारा, ढग, ऊन, पाऊस ही त्यांची मालमत्ता. तळमजल्यावर समुद्रवाले: प्रवाह, मीठ, बर्फ त्यांच्या ताब्यात. दोघांनी आपापले अर्धे जग चौकोन पाडून संगणकात मांडले होते. हवेचे चौकोन ऐसपैस, समुद्राचे बारीक. या दोघांची गाठ घालून देणारा प्रोग्राम तिचा होता. हवेकडून ऊब, पाऊस आणि वाऱ्याचा धक्का घ्यायचा, समुद्राच्या मापात कापून खाली द्यायचा. समुद्राच्या अंगाचा गारवा-कोमटपणा वर कळवायचा. आणि हे दिवसातून कितीदा तरी, न चिडता, शेकडो वर्षे करत राहायचे. त्याला सगळे सांधा म्हणत. ती पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या वळणापाशी बसे. समुद्रवाले तिला वरच्या बाई म्हणत, हवावाले खालच्या बाई. नोकरीची सगळी वर्षे तिने या दोन हाकांच्या मध्ये काढली होती आणि दोन्हींना ओ दिली होती.

संस्थेचा एक रिवाज होता. जोडण्याआधी प्रत्येकाने आपले अर्धे जग एकटे चालवून दाखवायचे. हवेखाली खोटा समुद्र घालायचा, खऱ्या मोजमापांवरून बेतलेला. समुद्रावर तशीच खोटी हवा. एकटे असताना दोघेही गुणी बाळासारखे वागत. जोडले की समुद्र थंड पडू लागे. मग समुद्रवाले म्हणत, वरून ऊबच येत नाही. हवावाले म्हणत, आम्ही मोजून देतो, समुद्र खातो. एकटे चालवल्याचा दाखला दोघांच्याही खिशात असे. सांध्याचा दाखला कोणी कधी मागितला नाही, कारण सांधा एकटा चालत नाही.

पहिल्यांदा जोडले तेव्हा समुद्राचा प्रमुख तिचा नवरा होता आणि हवेचा प्रमुख तिचा भाऊ. दोघांची दोस्ती लग्नाच्या आधीची. लग्न जुळले तेच त्या दोस्तीच्या भरवशावर. जेवताना एकमेकांच्या ढगांची आणि लाटांची थट्टा चाले, ती वाढता वाढता हसे. मग वार्षिक सभेत, सगळ्यांच्या देखत, नवरा म्हणाला होता, "हवावाल्यांचं सगळंच वारेमाप. ज्याला स्वतःच्या आकाशातली ऊब सांभाळता येत नाही, त्यानं समुद्राकडे बोट दाखवू नये."

सभा हसली होती. भाऊ उभा राहिला होता, कानापर्यंत लाल. "दाजी, तुमचा समुद्र अधाशी आहे," तो म्हणाला होता. "तुमच्यासारखाच."

त्यावर कोणी हसले नाही. त्याच महिन्यात भावाने राजीनामा दिला, आणि तेव्हापासून त्याने बहिणीचा उंबरा ओलांडला नव्हता. तीच त्याच्याकडे जाई, दोन-चार महिन्यांनी, नवऱ्याला न सांगता नव्हे, पण सांगितल्यासारखेही न करता.

टेकूही तिचाच. भांडण मिटेना आणि अहवाल तर द्यायचा, तेव्हा समुद्राच्या ज्या चौकोनात जेवढी ऊब कमी पडेल तेवढी दरमहा आपल्या हाताने घालायची, अशी तजवीज तिने केली. कुठून घालायची? कुठूनच नाही, नुसती घालायची. समुद्र उभा राहिला. वरचेही बरोबर ठरले, खालचेही बरोबर ठरले, आणि दोघेही बरोबर असल्यावर कोणी पुढे विचारत नाही. पुढचे शतक किती तापेल याचा आकडा त्या टेकूवर उभा राहून जगभर गेला. खरा आकडा यापेक्षा वर आहे, असे एकटा तिचा भाऊ म्हणत होता. पण तो आता संस्थेत नव्हता, आणि जो संस्थेत नाही त्याचा आकडा आकडा नसतो.

टेकूविना पृथ्वी आठवडाभर फिरली. आठवड्याच्या शेवटी खारट जिना चढून आला.

"वरच्या बाई, अभिनंदन! उत्तरेला बर्फच बर्फ. आमचे मासे स्वेटर मागतायत."

"तुमचं मीठ कमी पडलं असेल."

"मीठ चोख आहे. एकटं चालवून दाखवलंय." त्याने रिकामी खुर्ची ओढली आणि तीवर उलटा बसला. "वरून काही येतच नाही हो. जरा तुमच्या माहेरी विचारा की."

तो स्वतःच्या विनोदावर हसला, मग काहीतरी आठवून थांबला, आणि खुर्ची होती तिथे नीट ठेवून खाली गेला. पाठोपाठ तिसऱ्या मजल्यावरून फोन.

"खालच्या बाई, आम्ही वाटी काठोकाठ भरून पाठवली होती. तुमच्या सासरच्यांनी सांडली."

"कळवते त्यांना," ती म्हणाली, नेहमीच्या आवाजात.

त्या दुपारी, माहेर-सासर ऐकून कंटाळा आला म्हणून म्हणा किंवा करण्यासारखे दुसरे काही उरले नव्हते म्हणून, तिने एक पोरकट गोष्ट केली. हवेतले ढग काढले. ऊन काढले, वारा काढला, ऋतू काढले. हवेच्या प्रत्येक चौकोनाला सांगितले, एक दे. फक्त एक. आणि खाली समुद्राला विचारले, तुला किती मिळाले? जिथे तिथे एकच मिळाले पाहिजे होते. पहिल्या दिवशी करायची ही चाचणी. कोणी केली नव्हती, कारण हवेच्या चाचण्या हवेच्या होत्या आणि समुद्राच्या समुद्राच्या.

नकाशा उघडला. सगळा समुद्र पिवळा. एक, एक, एक. तिने सुस्कारा सोडला आणि मग चष्मा वर केला. खंडांच्या कडेने एक बारीक पांढरी रेघ होती, कोणी खडूने गिरवल्यासारखी. किनारा दाखवायला प्रोग्राम रेघ काढतो तशी असेल, असे तिला आधी वाटले. तिने नकाशा जवळ आणला. रेघ रुंद होत गेली. ती रेघ नव्हती. चौकोन होते, समुद्राचे बारीक चौकोन, आणि त्या प्रत्येकात शून्य होते.

मग फार वेळ लागला नाही. हवेचा ऐसपैस चौकोन किनाऱ्यावर पडला की अर्धा जमिनीवर, अर्धा पाण्यावर. जमीन निम्म्याहून जास्त असली तर तो सगळाच जमिनीचा धरावा, अशी एक ओळ सांध्यात होती. त्याच्याखाली जो समुद्र येई त्याला काहीच मिळत नसे. त्याच्या वाटची ऊब जमिनीला जाई, आणि जमिनीला तिची आधीच मिळालेली असल्याने ही जादा ऊब हिशेबातून गळून जाई. ओळ तिच्याच हातची. मुलीला दात येत होते तेव्हाची. रात्ररात्र जागून दिवसा ऑफिसात डुलक्या काढण्याचे ते वर्ष होते. ओळीपुढे तिने लिहिले होते: तूर्तास असे.

किनारा म्हणजे केवढासा, असे कोणीही म्हणाले असते. पण साऱ्या जगाचा किनारा, सगळी आखाते, सगळ्या सामुद्रधुन्या. छोट्या बेटांभोवतीचा समुद्र तर सबंध कोरडा राहिला होता. ज्या समुद्राला तिच्या भावाने चारचौघांत अधाशी म्हटले होते, तो इतकी वर्षे उपाशी होता.

तिने ती ओळ काढून तिथे नीट वाटणी करणाऱ्या ओळी घातल्या. कोणाला काही सांगितले नाही. पृथ्वी पुन्हा फिरवली, टेकूविना. समुद्र उभा राहिला. थोडा डुलला आणि उभा राहिला. मग तिने पुढचे शतक चालवले, आणि पारा जुन्या आकड्याच्या पुढे गेला, आणि जातच राहिला. शेवटी जिथे थांबला तो आकडा तिने भावाच्या तोंडून ऐकला होता, ऑफिसातल्या याच टेबलाशी, त्याच्या राजीनाम्याच्या आदल्या दिवशी. तिने पडदा बंद केला आणि पर्स शोधू लागली. पर्स खांद्यालाच होती.

घरी नवरा शर्टाला इस्त्री करत होता. दुसऱ्याची इस्त्री त्याला पटत नसे. धोब्याने केलेली घडीसुद्धा तो मोडून पुन्हा करी. ती स्टूल ओढून समोर बसली.

"सापडलं, अहो."

"काय?"

"ऊब कुठे जाते ते."

"अरे वा. कोण खातंय? वरचे की खालचे?"

"कोणीच नाही. सांध्यात सांडते. माझ्या सांध्यात."

इस्त्री बाहीवरून पुढे गेली, मागे आली.

"हं," तो म्हणाला. "मग नुसते मोठे किनारे दुरुस्त करून भागायचं नाही. बेटं सुटतील. बेटांची वाटणी वेगळी बघ."

"बघितली," ती म्हणाली.

तिने चप्पल काढली, ती दाराशी नेऊन ठेवायला उठली आणि उभीच राहिली. सांध्यात हजारो ओळी होत्या. वाऱ्याच्या होत्या, पावसाच्या होत्या, बर्फाच्या, वेळेच्या. सांध्यात सांडते एवढेच ती म्हणाली होती.

"मी किनाऱ्याचं काही बोलले नाही."

इस्त्री थांबली. कापड तापल्याचा वास यायला लागला तेव्हा त्याने ती उचलून उभी केली.

"अंदाज. आयुष्य गेलं या धंद्यात."

"बेटांचासुद्धा अंदाज?"

त्याने शर्ट उलटला आणि पाठ पसरली. तळहाताने एक सुरकुती, जी तिला दिसत नव्हती, दोनदा सपाट केली.

"तुझं नाव आलं असतं," तो म्हणाला. "सगळी संस्था एका ओळीपायी तोंडावर पडली, असं झालं असतं. तुला ठेवलं असतं त्यांनी? पोर केवढी होती आपली. मी झाकलं तुला."

"तुम्हाला कधी कळलं?"

"झाली की आता किती वर्षं."

"सभेच्या आधी की नंतर?"

"आता त्याचं काय?"

हे उत्तर होते, आणि ते दोघांनाही कळले. तो कॉलर दुमडू लागला. ती चप्पल हातात धरून हिशेब करत राहिली. त्याने तिला काय वाचवले? नोकरी, कदाचित. चार दिवसांची नाचक्की, नक्कीच. त्याला काय मिळाले? त्या वर्षी संचालकपदासाठी दोन नावे वर गेली होती, एक समुद्रातून, एक हवेतून. हवेतले राजीनाम्याबरोबर आपोआप खाली आले. तिच्यासाठी किती आणि स्वतःसाठी किती, याची फोड तिला करता येईना. त्यालाही ती करता आली नसती याची तिला खात्री होती. म्हणून तर त्याचे हात असे स्थिर होते. कोणी शपथ घालून विचारले असते तरी त्याने बायकोवरच्या मायेचेच नाव घेतले असते, आणि ते खोटेही ठरले नसते.

"तुझ्या भावाला सांगणार असशील," तो म्हणाला.

"हो."

"सांग. सांध्याचं सांग, मीही तेच म्हणतो. त्याच्या मनातली अढी जाईल." त्याने शर्ट हँगरला लावला आणि वरचे बटण घातले. "माझं सांगितलंस तर तो पुन्हा इथे पाऊल टाकणार नाही. मग सांगून काय कमावलंस?"

आवाजात धमकी नव्हती. उद्याचे हवामान सांगावे तसा तो सांगत होता, आणि त्याचा अंदाज सहसा चुकत नसे.

भाऊ आता उंच क्रेनवाल्यांना वाऱ्याचा सल्ला देणाऱ्या एका कंपनीत होता. एके काळी साऱ्या पृथ्वीचे आकाश ज्याच्या टेबलावर असे, तो शहरातल्या बांधकामांवर उद्या दुपारी वारा किती, क्रेन चालू ठेवावी की थांबवावी, एवढे सांगे. ती गेली तेव्हा तो फोनवर ओरडत होता.

"नाही साहेब, अर्ध्या तासाचंसुद्धा नाही! वारा काय तुमच्या ठेकेदाराचा मेहुणा आहे, ऐकायला?" त्याने फोन ठेवला आणि तोंडभर हसला. "ये ताई. बघितलंस? आमच्याकडे जग बुडत नाही. फक्त क्रेन थांबते. झोप छान लागते."

त्याचे केस कानामागे पांढरे झाले होते. ती बसली, त्याने पुढे केलेले पाणी प्याली, आणि वाटेत बसमध्ये जुळवून ठेवलेली वाक्ये एकेक करून सांगितली. एकची चाचणी. पांढरी रेघ. ओळ. तूर्तास. टेबलावरचा फोन दोनदा वाजला. त्याने तो बघितलाही नाही.

"म्हणजे माझी हवा बरोबर होती," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"ढग?"

"ढगांत काही नव्हतं. कधीच नव्हतं."

त्याने दोन्ही हातांनी तोंड चोळले, झोपेतून उठल्यासारखे. "मी रविवारी उघडून बसतो, माहितेय तुला? अजून. घरी जुना संगणक आहे त्यावर. बायको म्हणते, सिनेमाला चल; मी म्हणतो, थांब, आज सापडेल. दर रविवारी वाटतं, ढगांतच कुठेतरी मी माती खाल्लीये." तो हसायला गेला. "सगळ्या नोकरीत नव्हता घातला एवढा वेळ."

"माझी चूक आहे रे."

"पोरीला दात येत होते," तो म्हणाला. "आठवतंय मला. तू जिन्यात बसून झोपली होतीस एकदा." मग एकदम कडक होऊन, "पण ताई, एवढी साधी चाचणी? एवढ्या शहाण्यांत एकालाही सुचू नये?"

तिने पाण्याचा रिकामा पेला टेबलावर ठेवला. इथेच बोलायचे होते. बसमध्ये तिने हे वाक्यही जुळवले होते.

तो उठला, खिडकीपाशी गेला. लांबवर एक क्रेन हात पसरून उभी होती, हलत नव्हती.

"आणि समुद्रही बरोबर होता," तो काचेकडे तोंड करून म्हणाला. "म्हणजे दाजीही बरोबर होते. मी त्यांना सगळ्यांसमोर अधाशी म्हणालो. वयानं, मानानं मोठ्या माणसाला." तो वळला. "हे कळल्यावर काय म्हणाले ते?"

त्याचा चेहरा उघडा होता; लहानपणी प्रगतीपुस्तक पुढे करून उभा राही तसा. तिला वाटले, आपण खरे सांगितले तर हा आत्ता, या खोलीत, आणखी दहा वर्षांनी म्हातारा होईल. मग वाटले, हे आपण त्याच्यासाठी म्हणतोय की आपल्यासाठी? मग तेही नीट वाटून घ्यायला वेळ मिळाला नाही.

"धक्का बसला त्यांना," ती म्हणाली. "गप्पच झाले."

"होणारच," तो म्हणाला. डोळे पुसायला त्याने क्रेनच्या वेळापत्रकाचा कागद घेतला आणि हसत परत ठेवला. "मी येतो. रविवारी येतो घरी. सांग त्यांना."

रविवारी तो आला. घंटा वाजवून बाहेर थांबला. पूर्वी तो लोटलेले दार ढकलून थेट स्वयंपाकघरात येई. दार नवऱ्याने उघडले. त्याच्या अंगात तोच शर्ट होता.

"ये, ये. वाट चुकलास?"

"चुकलो होतो, दाजी," भाऊ म्हणाला, आणि बूट काढायचेही विसरून तिथेच उभा राहिला. "मला आधी बोलू द्या. नाहीतर पुन्हा जमायचं नाही. मी सभेत तुम्हाला जे बोललो, त्याची माफी मागायला आलोय. तुमचा समुद्र चोख होता. मीच..." त्याची नजर बुटांवर गेली. "मीच तोंडाळपणा केला. माफ करा."

ती स्वयंपाकघराच्या दारात होती. भावाची मान खाली होती. त्या खाली घातलेल्या मानेवरून नवऱ्याने तिच्याकडे बघितले. त्या नजरेत लाज नव्हती, विजयही नव्हता. जास्तीचे सुटे पैसे हातात आलेले गिऱ्हाईक दुकानदाराकडे बघते तसा तो बघत होता: लक्षात आलंय का हिच्या, आणि आलं असेल तर बोलते का.

ती बोलली नाही.

"सोड रे," नवऱ्याने भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "झालं गेलं. वय होतं तुझं. मीही थोडंफार बोललो असेन."

"तुम्ही थट्टेत बोललात. माझंच डोकं फिरलं."

"बस, बस. बूट राहू देत."

ते बसले. आधी अवघडून, मग मोकळे. नव्या आकड्यावर बोलणे आले. नवरा म्हणाला, दुरुस्तीपत्रक काढू, नवी आवृत्ती, नवा आकडा; आजकाल सगळेच काढतात. प्रस्तावनेतल्या आभारात तुझे नाव घालू, ते माझ्याकडे लागले. भाऊ नको नको म्हणत राहिला आणि त्याचे कान लाल झाले, आनंदाने.

"पण दाजी, जुन्या आकड्यावर लोकांनी किनाऱ्याला भिंती बांधल्यात. त्या ठेंगण्या पडतील."

"पडतील."

"मग?"

"ते कोणी आपल्याला विचारायला येत नाहीत," नवरा म्हणाला. "आणि येतील तेव्हा तू न् मी कुठे असणार?"

भावाने खुर्ची सरकवली. मग स्वयंपाकघराकडे वळून ओरडला, "ताई, तू का बोलत नाहीस? एवढी गाठ घालून दिलीस, आता बस की येऊन."

"आले," ती म्हणाली. "चहा उतू जाईल."

तिने गॅस बारीक केला. बाहेर नवऱ्याने वारेमाप हा शब्द पुन्हा एकदा वापरला, या वेळी स्वतःच्याच मुदतवाढीच्या अर्जाबद्दल, आणि भाऊ खो खो हसला. ते हसणे तिने किती वर्षांत ऐकले नव्हते. ते ऐकायला मिळावे म्हणून तिने काय काय गिळले ते तिलाच ठाऊक होते, आणि ते आता कधी वर येणार नव्हते. ज्याने माफी मागायची तो खुर्चीत मागे रेलून बसला होता. जिच्या हातून चूक झाली ती चहा गाळत होती. आणि ज्याच्याकडे कोणाचेच काही निघत नव्हते, तो सगळे भरून मोकळा झाला होता आणि पोट धरून हसत होता.